चार परगण्यांचे दोन किनारे

डॉकयार्ड रोड स्थानकापासून जवळच, माझगावच्या नवाब टँक परिसरात, १९१९ साली बांधलेले ‘सी यूप कून’ नावाचे चिनी मंदिर अद्याप उभे आहे. परंतु ज्या लोकांनी ते बांधले त्यांच्याच मुलखातील मंडळींनी १८५१ मध्ये अमेरिकेतील सान फ्रान्सिस्को बंदरात याच नावाची संस्था स्थापन केली होती, हे लालबाग-परळच्या जुन्या रहिवाशांसही क्वचितच ठाऊक असेल.

दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील तैशान, शिनहुई, काइपिंग आणि एनपिंग या चार परगण्यांत, म्हणजेच ‘सी यूप’मध्ये, जमीन थोडी, माणसे फार आणि यादवी नित्याची. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॅलिफोर्नियात सोने सापडल्याचे वर्तमान येताच तेथील तरुण सहस्रावधींनी समुद्रापार गेले, आणि १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम रेल्वेमार्गाचा पश्चिमेकडील, डोंगर फोडून काढलेला भाग मुख्यत्वे त्यांच्याच श्रमांनी सिद्ध झाला. मुंबईत आलेले खलाशी, सुतार, दंतवैद्य आणि व्यापारी संख्येने अल्प होते. माझगाव व कामाठीपुरा येथे त्यांची वस्ती झाली, आणि पुढे कुलाब्याचे ‘नानकिंग’ व चर्चगेटचे ‘कमलिंग’ यांनी मुंबईकरांच्या जिभेस चिनी अन्नाची गोडी लावली.

कोकणातून गिरणीत आलेल्या चाकरमान्यांनी गावाच्या नावाने चाळीत खोली घ्यावी, नवागतास तेथे पथारी मिळावी, अडल्यानडल्यास कर्ज मिळावे आणि दुखण्याखुपण्यात गाववाल्यांनी धावून यावे, ही जी गिरणगावाची रीत, तीच परदेशी चिन्यांच्या ‘सी यूप’सारख्या संस्थांचीही होती; फरक एवढाच की, अंत्यविधीची तजवीज आणि ग्वान गोंग या योद्धा-देवतेची पूजा हीही कार्ये तेथे सांभाळली जात.

परंतु परक्या भूमीत आपले गाव उभारणे माणसाच्या हाती असले, तरी तेथे टिकून राहणे राजसत्तेच्या मर्जीवर अवलंबून असते. अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश नाकारला, आणि १९४३ मध्ये, चीन युद्धातील मित्र ठरल्यावर, तो रद्द करूनही वर्षाकाठी केवळ १०५ जणांस परवानगी दिली. आपल्याकडे १९६२ च्या युद्धानंतर मुख्यतः आसाम-बंगालकडील सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, ज्यांत येथेच जन्मलेले पुष्कळ होते, कोणताही खटला न चालवता राजस्थानातील देवळी येथे स्थानबद्ध करण्यात आले. काहींची सुटका व्हावयास १९६७ उजाडले, आणि देशभरातील चिनी कुटुंबे कॅनडादी देशांकडे निघून गेल्याने मुंबईची वस्तीही रोडावली.

अमेरिकेच्या सिनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये त्या जुन्या कायद्यांबद्दल ठराव करून खेद व्यक्त केला. देवळीविषयी असा ठराव आपल्या संसदेने अद्याप केलेला नाही. आणि ज्या शहराचा प्रत्येक मोहल्ला बाहेरून आलेल्यांनी वसवला, त्या मुंबईने तरी त्याची मागणी करावयास हरकत नसावी.