नळ सगळे बंद, तरी प्रेशर पंप चालू होतो? नवीन पंप विकण्याआधी हे तपासा

व्हिडिओत प्रेशर पंपाची तपासणी जरा भराभर झाली, म्हणून इथे नीट लिहून देतोय. प्लंबिंग सर्व्हिसचं काम सुरू करायचं असेल तर हा कॉल तुम्हाला येणारच.

आधी एक गोष्ट समजून घ्या. साधारण १० मीटर पाण्याच्या उंचीला १ बार प्रेशर मिळतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर गच्चीतली टाकी शॉवरपासून जेमतेम ३ मीटर वर असते, म्हणजे ०.३ बार. त्यात शॉवर काय चालणार? म्हणून लोक पंप बसवतात. आणि मग काही महिन्यांनी तक्रार येते, "अहो, रात्री कुणी नळ उघडत नाही, तरी पंप घुर्रर्र करून चालू होतो."

माझ्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य असतं, "नवीन पंप दाखवा." खरं तर पंप बिचारा बरोबर काम करत असतो. लाइनमधलं प्रेशर घटलं की स्विच त्याला चालू करतो. प्रेशर का घटतंय, ते शोधायचंय. नवीन पंप बसवलात तर तोही रात्री तसाच वाजेल, आणि फोन तुम्हालाच येईल.

पंपाच्या बाजूला जी छोटी गोल टाकी असते, तिच्यात रबरी फुगा असतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा. समजा पंप १.५ बारला चालू आणि २.५ बारला बंद होतो. मग पाणी नसताना टाकीत हवा त्यापेक्षा थोडी कमी, १.३ बारच्या आसपास हवी. मोजायचं कसं? मेन स्विच बंद, गच्चीकडून येणारा कॉक बंद, घरातला नळ उघडा, काटा शून्यावर येऊ द्या. आता टाकीच्या मागची टोपी काढा, आत गाडीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. टायरचा गेज लावा. हवा कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरा. व्हॉल्व्ह दाबल्यावर पाणी आलं, तर फुगा फाटलाय. तो बदलावाच लागतो. हवा नसली की नळ जरा उघडला तरी पंप सारखा चालू-बंद, चालू-बंद होतो. ही खूण लक्षात ठेवा.

हवा ठीक आहे आणि तरी प्रेशर उतरतंय, म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. सगळ्यात आधी बायपासचा कॉक बघा. लाइट गेल्यावर तो उघडतात आणि बंद करायला विसरतात. पाणी परत गच्चीच्या टाकीकडे जातं. एक पैसा खर्च नाही!

तो बंद आहे? मग पंप भरू द्या, मेन स्विच बंद करा आणि घराकडे जाणारा कॉक बंद करून दहा मिनिटं काटा बघा. काटा टाकीच्या बाजूला असेल तरच याचा उपयोग, हं. काटा खाली आला तर दोष पंपाकडेच. पुन्हा भरून या वेळी गच्चीकडचा कॉकही बंद करा. आता काटा थांबला, तर एनआरव्ही पाणी मागे सोडतोय. तरीही उतरला, तर तिथलेच जॉइंट हाताने चाचपून बघा.

काटा पहिल्याच वेळी हलला नाही, तर गळती घरात. माझा पहिला संशय नेहमी फ्लशच्या टाकीवर. तिच्यात कपड्यांची थोडी नीळ टाका, अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये निळं पाणी दिसलं की समजा, वॉशर गेलाय. मग जेट स्प्रे, वॉशिंग मशीन, आणि आरओ, ज्याचं वाया जाणारं पाणी कधी थांबतच नाही. एकेक कॉक बंद करत जायचं.

कस्टमरला हे पटवायचं कसं? हिशोब दाखवा. २४ लिटरची टाकी, वर सांगितलेली सेटिंग, म्हणजे पंप बंद झाल्यापासून पुन्हा चालू होईपर्यंत साधारण ६ लिटर पाणी निघून जातं. पंप दर २० मिनिटांनी वाजत असेल, तर दिवसाला ७२ वेळा, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या वर! हा आकडा ऐकल्यावर कुणी वॉशरच्या पैशांवरून घासाघीस करत नाही.

तपासणीचे पैसे मात्र फोनवरच सांगून ठेवा, काम निघो न निघो. अर्धा-पाऊण तास तुमचा जातो. जॉबकार्डवर काट्याचे आकडे वेळेसकट लिहा, काम झाल्यावर पुन्हा तेच मोजा आणि सही घ्या. आणि सगळे कॉक बंद करूनही काटा उतरत असेल, तर पाइप भिंतीत गळतोय. तिथे अंदाजाने टाइल फोडू नका. कोणत्या बाथरूमची लाइन आहे तेवढं नक्की करा, फोडण्याचं वेगळं कोटेशन द्या आणि घरमालकाच्या होकारानंतरच छिन्नी हातात घ्या.