मागची ओळ म्हणजे वरची ओळ नाही

एसटीत बसलाय, हेडफोन घरी राहिलेत, किंवा आजचा डेटा संपलाय, अशांसाठी ही या भागाची लेखी प्रत. बोललो तसंच लिहिलंय, थोडं सांभाळून घ्या.

विषय ऐकायला कोरडा आहे. टेबलमधल्या प्रत्येक ओळीशेजारी तिच्या आधीच्या ओळीतला आकडा आणायचा, पण तो त्याच गटातला पाहिजे. हा हिशोब तुमच्या घरी दर महिन्याला येतो बरं का. महावितरणचं बिल काढा. चालू रीडिंग, मागील रीडिंग, आणि वजाबाकी केली की युनिट. आता विचार करा, लाखो ग्राहकांची रीडिंगं एकाखाली एक पडलेली आहेत आणि तुमच्या ओळीच्या बरोब्बर वर शेजारच्या काकांची ओळ आली. त्यांचं रीडिंग तुमच्यातून वजा केलं तर? म्हणून मागची ओळ म्हणजे वरची ओळ नाही. आपल्याच बारा अंकी ग्राहक क्रमांकाची, तारखेने लगेच आधीची, ती मागची ओळ. आणि मध्येच मीटर बदललं असेल तर ग्राहक क्रमांकसुद्धा पुरत नाही. जुन्या मीटरचं रीडिंग नव्या मीटरमधून वजा करून कसं चालेल?

पण आज मला विजेपेक्षा सोयाबीनबद्दल बोलायचंय. आमचं तळेगाव श्यामजी पंत नागपूर-अमरावती हायवेवर. इथून एक रस्ता आर्वीला जातो, एक आष्टीला. माल निघाला की घरोघरी एकच चर्चा: आर्वीला न्यायचा, पुलगावला, की गाडी करून थेट हिंगणघाट नाहीतर अमरावती? आणि तेव्हाच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो, 'सोयाबीन आज २०० नी पडलं.' कुठे पडलं बाप्पा? कशापेक्षा पडलं?

महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर रोजचे बाजारभाव येतात. बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. त्यात 'पडलं' किंवा 'चढलं' असा रकाना नाही. तो आपण काढायचा असतो, आणि घोळ तिथेच होतो.

एक उदाहरण घेऊ, आकडे कल्पनेतले आहेत. १४ तारखेला आर्वीला ४,१०० रुपये क्विंटल. त्याच दिवशी हिंगणघाटला ४,३५०. १५ तारखेला आर्वीला ४,१५०. यादी तारखेप्रमाणे लावली तर आर्वीच्या १५ तारखेच्या ओळीवर बसतं हिंगणघाट. डोळे मिटून वरचा आकडा वजा केला की उत्तर येतं: २०० नी पडलं. खरं तर आर्वीत भाव ५० नी चढलाय! ज्याच्या घरी ३० क्विंटल पडून आहे, त्याने तो मेसेज वाचून घाबरून दारात आलेल्या व्यापाऱ्याला ४,००० ने माल दिला, तर क्विंटलमागे १५० प्रमाणे साडेचार हजार रुपये गेले. एका चुकीच्या वजाबाकीपायी.

आता हे बरोबर कसं करायचं? एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये आधी बाजाराप्रमाणे आणि मग तारखेप्रमाणे सॉर्ट करा. समजा ए रकान्यात बाजार आहे आणि डी मध्ये दर. तिसऱ्या ओळीत सूत्र लिहायचं: जर ए३ आणि ए२ सारखे असतील तर डी२, नाहीतर रिकामं. मग ते खाली ओढा. बास. मला विचाराल तर प्रत्येकाने हे एकदा हाताने करावं. मग एसक्यूएल वाचताना कोडं वाटत नाही.

एसक्यूएलमध्ये हेच काम लॅग नावाचं फंक्शन करतं. बोलून दाखवतो: लॅग, कंसात सर्वसाधारण दर, मग ओव्हर, कंसात पार्टिशन बाय बाजार, ऑर्डर बाय तारीख. पार्टिशन बाय म्हणजे गट पाडणं, ऑर्डर बाय म्हणजे गटाच्या आत रांग लावणं, आणि लॅग म्हणजे रांगेत आपल्या पुढे कोण उभं आहे ते विचारणं. पायथनच्या पांडाजमध्ये आधी तारखेने सॉर्ट, मग ग्रुपबाय, मग शिफ्ट. तिथे नुसतं शिफ्ट लिहिलं आणि ग्रुपबाय राहिलं, तर कोड एरर देत नाही, गपचूप हिंगणघाटचा आकडा आर्वीला चिकटवतो. एरर आलेली परवडली.

ही सोय पोस्टग्रेसमध्ये २००९ साली ८.४ आवृत्तीत आली, मायएसक्यूएलमध्ये मात्र २०१८ च्या ८.० मध्ये. त्याआधी लोक टेबल स्वतःलाच जोडायचे: याच बाजाराची, या तारखेहून लहान असलेल्यांतली सगळ्यात मोठी तारीख शोधा, आणि तिचा दर आणा. उत्तर बरोबर यायचं, पण टेबल मोठं असेल तर चहा पिऊन परत या.

खरी डोकेफोड फंक्शनची नाही, गट कशाचा पाडायचा याची आहे. नुसता बाजार पुरत नाही. त्याच बाजारात त्याच दिवशी पिवळ्या सोयाबीनची एक ओळ असते आणि डॅमेज मालाची वेगळी. दोन्ही एका गटात टाकलीत तर भाव रोज कोसळतोय आणि रोज उसळतोय असं दिसेल. शिवाय एकाच तारखेच्या दोन ओळी एका गटात आल्या की त्यांच्यात आधी कोण, हे डेटाबेस स्वतःच्या मर्जीने ठरवतो. म्हणून बाजार, शेतमाल आणि जात, तिन्ही पार्टिशनमध्ये पाहिजेत.

आणि नावांवर भरवसा ठेवू नका. आमच्याच हायवेवर नागपूरकडे जाताना कारंजा लागतं, ते कारंजा घाडगे. वाशिम जिल्ह्यात आहे ते कारंजा लाड. रकान्यात नुसतं 'कारंजा' लिहिलं असेल तर दोन जिल्हे एका गटात. तळेगावची तर गोष्टच सोडा. पुण्याकडे तळेगाव दाभाडे, अमरावती जिल्ह्यात शंकरपटासाठी गाजलेलं तळेगाव दशासर, आणि आम्ही श्यामजी पंतवाले. म्हणून तर जनगणनेत प्रत्येक गावाला कोड असतो, २०११ च्या जनगणनेत तो सहा अंकी आहे. गट कोडवर पाडा, नाव फक्त दाखवायला ठेवा.

तारखेचाही एक त्रास आहे. ती मजकूर म्हणून साठवली असेल तर ०९/११ ही १०/१० च्या आधी येते, कारण कॉम्प्युटर डावीकडून अक्षरं बघतो, त्याला महिना कळत नाही. मग नोव्हेंबरची ओळ ऑक्टोबरची 'मागची' होते. आधी तारखेला तारीख बनवा. आणि लॅगला काल माहीत नाही, त्याला फक्त आधीची ओळ माहीत आहे. रविवारी लिलाव नसेल, दिवाळीत बाजार आठवडाभर बंद असेल, तर मागची ओळ आठ दिवसांपूर्वीची. मी नेहमी दरासोबत तारखेचाही लॅग काढतो आणि मध्ये किती दिवस गेले ते शेजारी ठेवतो. 'आठ दिवसांत १०० नी पडलं' आणि 'एका दिवसात १०० नी पडलं' यात फरक आहे ना गड्या.

प्रत्येक गटाच्या पहिल्या ओळीला मागचं काहीच नसतं. तिथे नल येतं, ते नलच राहू द्या. नीटनेटकं दिसावं म्हणून शून्य भरलंत, तर पहिल्याच दिवशी भाव ४,१०० नी वाढल्याचा चमत्कार होईल.

शेवटचं, आणि इंटरव्ह्यूत हमखास विचारतात ते. समजा तुम्हाला फक्त या आठवड्याच्या ओळी दाखवायच्या आहेत. तुम्ही त्याच क्वेरीत वेअर लावून तारीख गाळली, तर आठवड्याच्या पहिल्या ओळीचा लॅग रिकामा येतो. कारण वेअर आधी चालतं, लॅग नंतर. मागचा आठवडा तुम्हीच फेकून दिलात, आता तो कुठून आणणार? आधी सगळ्या ओळींवर लॅग काढा, तो निकाल विथ लावून बाजूला ठेवा, आणि तारखेची चाळणी बाहेरून लावा.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. एसक्यूलाइट तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून आहे. त्याला लॅग २०१८ च्या ३.२५ आवृत्तीपासून येतं, आणि अँड्रॉइड ११ सोबत त्याहून नवी आवृत्ती मिळते. पणन मंडळाच्या साइटवरून तुमच्या जवळच्या दोन बाजारांचे महिनाभराचे भाव उतरवून घ्या आणि करून पाहा. पुढच्या भागात लीड, म्हणजे पुढची ओळ: माल विकल्यावर त्याच बाजारात भाव कुठे गेला ते बघू. भेटू.