जुना टाका आणि पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया

पित्ताशयातील खडे वारंवार दुखू लागले की डॉक्टर पित्ताशय काढण्याचा सल्ला देतात. अशा वेळी घरात हमखास एक शंका निघते, "हिचे पोट आधीच एकदा उघडलेले आहे, आता दुर्बिणीने कसे जमणार?" शंका रास्त आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत ते जमते.

१९८५ साली जर्मनीत डॉ. एरिक म्यूहे यांनी पित्ताशय प्रथम दुर्बिणीद्वारे काढले. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली. सुरुवातीच्या त्या काळात पोटावर जुना व्रण असलेल्या रुग्णाला सर्जन सहसा दुर्बीण लावत नसत. पोट एकदा उघडले की जखम भरताना आतडे जुन्या व्रणाला आतून चिकटू शकते. दुर्बिणीसाठीची पहिली सुई बेंबीजवळून, आतले काही न दिसता घातली जाते. नेमके तेथेच आतडे चिकटलेले असेल तर त्याला भोक पडण्याचा धोका असतो.

म्हणून सर्जन वाट बदलतात. लहानसा छेद घेऊन एकेक थर डोळ्यांनी पाहत आत शिरतात, किंवा जुन्या व्रणापासून दूर, डाव्या बरगडीखालून सुरुवात करतात. दुर्बीण एकदा आत गेली की पुढची छिद्रे नजरेखाली पाडता येतात. चिकटलेला भाग वाटेत येईल तेवढाच सोडवतात.

जुने ऑपरेशन कोठे झाले, यावर पुष्कळ अवलंबून आहे. अपेंडिक्स, सिझेरियन ही खालच्या पोटाची. पित्ताशय उजव्या बरगडीखाली, तेथून दूर. मात्र अल्सर फुटल्यामुळे वरचे पोट उघडले असेल तर काम अवघड होते.

आपल्याकडे अनेक भगिनी कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला ऑपरेशन समजतच नाहीत! डॉक्टरांनी विचारले तर "काही झालेले नाही" म्हणतात. बिनटाक्याचे असले तरी ते सांगावे. जुने कागद असतील तर शोधून न्यावेत.

संमतीपत्रात गरज पडल्यास पोट उघडण्याची परवानगी घेतात. आतली पित्तनलिका नीट ओळखता आली नाही तर उघडणेच शहाणपणाचे. तो सर्जनचा पराभव नव्हे. मुक्काम व खर्च वाढेल, त्याची तयारी ठेवावी.

घरी आल्यावर दुखणे दिवसेंदिवस कमी व्हायला हवे. ते वाढले, ताप आला, उलट्या झाल्या, पोट फुगले किंवा डोळे पिवळे दिसले, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आतड्याची इजा कधीकधी दोन-तीन दिवसांनी लक्षात येते.