“याचा बापबी असाच व्हता!”

सकाळचे साडेनऊ. चिखलीतल्या एखाद्या घरात शाळेची घाई. एक मोजा पायात, दुसरा पलंगाखाली. आणि दप्तर भरायला पाठवलेला आठ वर्षांचा मुलगा अंगणात मुंग्यांची रांग बघत उकिडवा बसलेला. आई चार हाका मारते, पाचव्यांदा धपाटा घालते. ओसरीवरून आजी म्हणते, “लाडानं बिघडवलं तुनं याले.” मग जरा वेळानं, स्वतःशीच हसत, “याचा बापबी असाच व्हता!”

आजीची दोन्ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. त्यातलं पहिलं चुकीचं आहे. दुसरं मात्र आजीला कल्पना नसेल इतकं शास्त्रीय आहे. अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव, म्हणजे डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात, त्यात जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार अनुवंशाचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. अमेरिकेत मुलांच्या मेंदूची छायाचित्रं वर्षानुवर्षं तपासली गेली; त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. मेंदूच्या सालीची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी जो टप्पा गाठते, तो या मुलांत साडेदहाव्या वर्षी आला. लाडाचा इथे संबंध कुठे?

तरी बोल आईलाच. शाळेतून तक्रार आली की तिला, लग्नात पोट्ट्यानं पंगतीत गोंधळ घातला की तिला. मग ती लग्नंच टाळू लागते. घरातली धाकटी मुलगी “मला कुणी बघतच नाही” म्हणून रुसते. नवरा-बायकोत ‘तूच डोक्यावर बसवलंस’ आणि ‘तुम्ही असता कुठे घरी’ सुरू होतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, मूल आठ वर्षांचं होईपर्यंत अशा मुलांच्या आईवडिलांपैकी २२.७ टक्क्यांचा घटस्फोट झालेला दिसला. इतर घरांत १२.६ टक्के. आपल्याकडे सहसा घटस्फोट होत नाही, अबोला होतो. त्याची मोजदाद कोण ठेवणार?

आई कावते म्हणून मूल असं, की मूल असं म्हणून आई कावते? रसेल बार्कली आणि चार्ल्स कनिंगहॅम यांनी १९७९ साली हे तपासलं. अशा मुलांना काही दिवस मेथिलफेनिडेट हे औषध दिलं, काही दिवस बिनऔषधाची गोळी. औषधाच्या दिवसांत मुलं ऐकू लागली आणि आयांचं हुकूम सोडणं आपोआप कमी झालं. आयांना कुणी काही शिकवलं नव्हतं.

अर्थात प्रत्येक वांड पोर म्हणजे एडीएचडी नव्हे. लक्षणं बाराव्या वर्षाआधीची हवीत, किमान सहा महिने टिकलेली, आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी. खिडकीबाहेर बघत गप्प बसणाऱ्या मुलीही यात असतात. त्या कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून सुटतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं आणि त्याच्या तीस आजारांच्या यादीत एडीएचडी आहे. वजन-उंची-दात यांच्या रांगेत ते पाच मिनिटांत कसं कळावं, हा प्रश्न उरतोच. पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी. चिखलीहून बुलढाणा पंचवीसेक किलोमीटर, पण एसटीत आणि नंतर ओपीडीच्या बाकावर या मुलाला बसवून ठेवणं हीच एक परीक्षा.

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी गोळी नाही, आधी पालकांचं प्रशिक्षण. वाटतं तितकं ते अवघड नाही. लांबून “आवर रे लवकर” ओरडण्याऐवजी जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एकच काम सांगायचं: दप्तरात डबा ठेव. ठेवला की तिथल्या तिथे शाबासकी. संध्याकाळची शाबासकी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तपासणीत डॉक्टर हमखास विचारतात, घरात लहानपणी आणखी कुणी असं होतं का? आई तेव्हा गोंधळते. तिनं नवऱ्याचं बालपण पाहिलेलं नसतं. ते ज्यांना माहीत, ती दोघं चिखलीतच राहिलेली असतात, नवरा दुकानात आणि आजी ओसरीवर.