सॅटेलाइट फोनचे पैसे फिटतात का?

मोबाइलचा टॉवर नाही तिथूनही थेट उपग्रहामार्फत बोलता येते, तो सॅटेलाइट फोन. भर समुद्रात, वाळवंटात, हिमालयात तो कामाला येतो. पण अशी यंत्रणा उभारायला ज्यांनी पैसे घातले, त्यांचे ते फिटतात का? इरिडियम या अमेरिकी कंपनीचा हिशेब आपण टप्प्याटप्प्याने पाहू. तिच्या बाबतीत पैसे फिटले खरे, पण ज्यांनी आधी घातले त्यांचे नाही.

सुरुवात उंचीपासून करू. भूस्थिर उपग्रह, म्हणजे आकाशात एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा, सुमारे 36,000 किलोमीटरवर असतो. असे तीन उपग्रह जवळपास सगळ्या जगाला पुरतात. मात्र आवाजाला तेवढे अंतर कापावे लागते, त्यामुळे आपण काही विचारले की उत्तर कानावर यायला अर्धा सेकंद जादा जातो. शिवाय एवढ्या लांब संदेश पाठवायचा तर फोनही दणकट लागतो. म्हणून इरिडियम जिने उभारली त्या मोटोरोला कंपनीच्या अभियंत्यांनी 1987 मध्ये उपग्रह खाली, सुमारे 780 किलोमीटरवर आणायचे ठरवले.

उंची कमी केली की संख्या वाढते. इतक्या खालचा उपग्रह शंभरेक मिनिटांत पृथ्वीला फेरी मारतो आणि आपल्या डोक्यावर जेमतेम दहा मिनिटे राहतो. तो मावळायच्या आत दुसरा उगवायलाच हवा, नाहीतर बोलणे मध्येच तुटते. मूळ आराखड्यात 77 उपग्रह होते. इरिडियम या मूलद्रव्याचा अणुक्रमांक 77, त्यावरून कंपनीचे नाव पडले. पुढे 66 उपग्रहांत भागले, नाव तेवढे राहिले.

खरी मेख पुढे आहे. मोबाइल कंपनी आधी पुण्यात टॉवर उभारते, बिले वसूल करते आणि मग साताऱ्याकडे वळते. इथे तशी सोय नाही. 66 पैकी निम्मेच उपग्रह सोडले तर निम्मी सेवा मिळत नाही, दर थोड्या वेळाने तुटणारी सेवा मिळते, आणि ती कोण विकत घेणार? म्हणजे पहिले बिल छापायच्या आधीच सगळा खर्च. तो झाला सुमारे 5 अब्ज डॉलर, त्यातही बराचसा कर्जाऊ. वर पृथ्वीचा सत्तर टक्के भाग पाण्याखाली, त्यामुळे कोणत्याही क्षणी बहुतेक उपग्रह निर्मनुष्य समुद्रावरून रिकामेच फिरत असतात.

आता साधे गणित करू. 5 अब्जांवर वर्षाला 10 टक्के परतावा धरला तर 50 कोटी डॉलर होतात. एक ग्राहक महिन्याला 100 डॉलर, म्हणजे वर्षाला 1,200 डॉलर देतो असे मानू. नुसत्या परताव्यासाठी चार लाखांवर ग्राहक हवेत. मुद्दल आणि रोजचा खर्च वेगळाच.

एवढे ग्राहक मिळाले नाहीत, कारण मधे अकरा वर्षे गेली. 1 नोव्हेंबर 1998 ला सेवा सुरू झाली तोवर साधा मोबाइल खिशात मावू लागला होता आणि परदेशातही चालू लागला होता. ज्या फिरत्या व्यावसायिकावर भिस्त होती, तो शहरातून शहरात जाणारा; त्याची गरज भागलेली होती. इरिडियमचा फोन जवळपास अर्धा किलोचा, किंमत सुमारे 3,000 डॉलर, मिनिटाचे दर कित्येक डॉलर. आणि उघडे आकाश दिसल्याशिवाय तो लागत नसे. हॉटेलच्या खोलीतून बोलायचे तर गच्ची गाठा!

परवान्यांचा अडथळाही लोक विसरतात. उपग्रह सीमा मानत नाही, सरकारे मानतात. भारतात आजही दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून असा फोन जवळ बाळगणे बेकायदा आहे.

ऑगस्ट 1999 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. झळ आपल्यापर्यंत आली. इरिडियमची इथली सहयोगी कंपनी इरिडियम इंडिया, तिच्यात इथल्या वित्तसंस्थांचे पैसे होते आणि उपग्रहांना जमिनीवरच्या दूरध्वनी जाळ्याशी जोडणारे केंद्र पुण्याजवळ दिघीला उभे राहिले होते. मोटोरोलाने फसवणूक केल्याची तक्रार इरिडियम इंडियाने पुण्यातल्या न्यायालयात केली. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. फसवणूक झाली की नाही याचा निवाडा तिथे झाला नाही, पण कंपनीवरही असा खटला चालू शकतो, असा निर्णय 2010 मध्ये आला. कायद्याचे विद्यार्थी आता तो निकाल अभ्यासतात.

इकडे उपग्रह वातावरणात उतरवून जाळून टाकायची तयारी चालली होती. तेवढ्यात, डिसेंबर 2000 मध्ये, नव्या खरेदीदारांनी सगळी यंत्रणा अवघ्या अडीच कोटी डॉलरना उचलली. अमेरिकी संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी 7.2 कोटी डॉलरचा करार केला. तेच गणित पुन्हा मांडा: अडीच कोटींवर 10 टक्के म्हणजे 25 लाख डॉलर, त्याला दोन हजारांहून थोडे अधिक ग्राहक पुरतात. उपग्रह तेच, फोन तेच. डोक्यावरचे ओझे तेवढे उतरले. ग्राहकही बदलले. जहाजे, विमाने, सैन्य, खाणी यांना दुसरा इलाजच नसतो, त्यामुळे ते दरावरून घासाघीस करत बसत नाहीत.

पण उपग्रह म्हातारे होतात. 2017 ते 2019 या काळात इरिडियमने जवळपास 3 अब्ज डॉलर खर्चून नवी पिढी सोडली, पुन्हा कर्ज काढूनच. फरक एवढाच की या वेळी बिल भरणारे ग्राहक आधीपासून हाताशी होते. आता जोडण्या वीस लाखांवर आहेत. त्यातल्या बऱ्याचशा माणसांच्या नाहीतच; जहाजावरचे कंटेनर, यंत्रे, मोजमापाची उपकरणे स्वतःच आपली खबर पाठवतात. 2023 पासून कंपनी भागधारकांना लाभांशही देते. 1999 मध्ये ज्यांचे समभाग बुडाले, त्यांच्या वाट्याला त्यातला छदामही येत नाही.