चिनीमाती आणि चेंडूफळी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज पूर्वज शोधायला निघालं की कागद भरपूर हाती लागतात. १८३७ पासूनच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या सरकारी नोंदी, १८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेली नावनिशीवार खानेसुमारी, शिवाय गावोगावच्या दुकानदारांच्या छापील याद्या. पणजोबांचं दुकान होतं, एवढं त्यांवरून कळतं. ते चालत होतं का, हे मात्र कळत नाही. आणि पणतू ते जोरात चालत होतं असं हटकून गृहीत धरतो.

केंट परगण्यातल्या ब्रॉमली गावच्या जोसेफ वेल्सचं चालत नव्हतं. हे इतक्या तपशिलात ठाऊक आहे, कारण त्याचा धाकटा मुलगा म्हणजे लेखक एच. जी. वेल्स. १९३४ साली छापलेल्या आत्मचरित्रात त्याने घराची झाकली मूठ उघडून टाकली.

जोसेफ माळ्याचा मुलगा आणि स्वतःही माळीच. ससेक्समधल्या अपपार्क या जमीनदारी हवेलीत काम करताना सेरा नील भेटली. ती तिथे मालकिणीच्या बहिणीची खास दासी होती. १८५३ साली लग्न झालं आणि दोन वर्षांनी एका नातलगाकडून हमरस्त्यावरचं ‘अ‍ॅटलास हाउस’ घेतलं. माल चिनीमातीचा आणि काचेचा. कपबशी फुटेपर्यंत गिऱ्हाईक परत येत नाही, हे या धंद्याचं दुखणं. त्यात १८५८ साली ब्रॉमलीला रेल्वे आली. लंडन दारात आलं, पण त्याबरोबर लंडनची बडी दुकानंही आली, आणि त्यांचा माल घरपोच मिळू लागला.

घर तगलं ते क्रिकेटवर. जोसेफ केंटकडून गोलंदाजी करी. जून १८६२ मध्ये होव्हला ससेक्सविरुद्ध त्याने लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेतले; प्रथम दर्जाच्या सामन्यात हे आधी कुणाला जमलं नव्हतं. त्यांतला एक फलंदाज जेन ऑस्टेनच्या पुतण्याचा मुलगा होता. दुकानात बशांच्या शेजारी बॅटी आणि चेंडू विकायला असत. खानेसुमारीचा कारकून घरमालकाचा धंदा लिहून पुढच्या दाराकडे वळे. चूल खरी कशावर पेटते, हे विचारणं त्याचं काम नव्हतं.

ते स्वयंपाकघर तळघरात होतं. वरच्या जाळीतून रस्त्यावरच्या लोकांचे नुसते जोडे दिसत. सेराला हे घर कधीच आवडलं नाही. थोरल्या मुलीचा १८६४ मध्ये मृत्यू झाला. दोन वर्षांनी धाकटा जन्मला. १८७४ मध्ये त्या धाकट्याचा पाय मोडला. तो अंथरुणाला खिळला आणि वाचनाला लागला. १८७७ मध्ये बापाचाच पाय मोडला. क्रिकेट संपलं, त्याबरोबर रोकडही.

१८८० मध्ये सेरा अपपार्कला परतली, आता हवेलीची घरव्यवस्थापक म्हणून. मला या गोष्टीतली खरी व्यवहारी ती वाटते. दुकानाच्या कोणत्याही यादीत तिचं नाव नसलं तरी. तिन्ही मुलांना तिने कापडदुकानांत उमेदवारीला लावलं, म्हणजे ज्या जगाने नवऱ्याला बुडवलं त्याच जगात. धाकट्याला त्या नोकरीचा मनापासून तिटकारा होता.

जोसेफ मात्र १८८७ पर्यंत दुकान धरून बसला. नंतर ते बंद पडलं. उरलेलं आयुष्य त्याने खेड्यातल्या घरात काढलं. पुढे खर्चाला लेखक मुलाचा हात होता. १९१० साली तो वारला. त्याच वर्षी मुलाची ‘द हिस्ट्री ऑफ मिस्टर पॉली’ ही कादंबरी आली. तिचा नायक बुडीत दुकानदार आहे. तो स्वतःच्या दुकानाला आग लावतो, विम्याचे पैसे वसूल करतो आणि गावातून निघून जातो.