घरी सोडताना नर्सचं कौशल्य कसं मोजतात?

डिस्चार्जचा कागद हाती आला म्हणजे रुग्ण घरी जायला तयार झाला, असं नाही. अमेरिकेत डॉ. एरिक कोलमन यांनी याची प्रश्नावली थेट रुग्णांसाठीच बनवली. तिचं तीन प्रश्नांचं रूप, ‘सीटीएम-३’, २०१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय रुग्ण-सर्वेक्षणात आलं: तुमच्या आणि घरच्यांच्या इच्छेचा विचार झाला का? घरी काय काळजी घ्यायची ते समजलं का? प्रत्येक औषध कशासाठी, हे कळलं का?

या उत्तरांचे गुण मात्र अख्ख्या रुग्णालयाचे असत. एकट्या नर्सचं कौशल्य जोखायला शेजारी उभं राहून पाहावं लागतं. इन्सुलिन कसं घ्यायचं हे सांगून ती थांबते, की रुग्णाकडून करवून घेते? नर्सने स्वतःच भरलेला तक्ता इथे पुरेसा नाही.

निघण्यापूर्वी धोक्याची लक्षणं आणि फोन कुणाला करायचा, हे नर्सला विचारून घ्याच.